अवयवांचे टक्के आणि कमाईचा हिशेब

दुखापतीने अपंग झालेल्या मजुराची कमावण्याची शक्ती किती उरली, हा प्रश्न १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने परिशिष्टातील टक्क्यांनी सोडविला खरा. परंतु टक्के अवयवाचे असतात आणि पोट व्यवसायावर चालते, ही गोष्ट विमा कंपन्यांच्या दफ्तरी सहसा नमूद होत नाही. ओरिसातील एका चित्रपटगृहात नक्षीकाम करताना पडून डावा हात कोपराच्या वरपर्यंत गमावलेल्या सुताराचे नुकसान केवळ अंशतः आहे, असा तेथील मालकाचा उजर होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, हा भरपाई ठरविणाऱ्या कमिशनरचा सरळ तर्क मान्य करून सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये ते नुकसान संपूर्ण ठरविले. तथापि, या कायद्याच्या कलम ३० अन्वये कमिशनरच्या निर्णयावरील अपील केवळ कायद्याच्या महत्त्वाच्या मुद्द्यावरच चालत असतानाही, डॉक्टरांच्या दाखल्यातील टक्क्यांवरून वाद उकरून काढण्याची विमा कंपन्यांची हौस (दुसरा शब्द सुचत नाही) काही ओसरली नाही, आणि २०१६ साली कर्नाटकातील एका प्रकरणात, वस्तुस्थितीबाबत कमिशनरच अखेरचा अधिकारी होय, हे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. अपील चालू असता जमा रक्कम अडवून ठेवण्याची मुभा देणारे कलम ३०अ मात्र २०१७ साली रद्द झाले, ते बरेच झाले.