घर-अंगण : कुंपणाचा खांब

थंडी सरून जमीन मोकळी झाली, की स्टेट कॉलेजच्या परिसरात घर घेतलेल्या आपल्या मंडळींत कुंपणाची चर्चा सुरू होते. येथील हरणे भाजीचा वाफा एका रात्रीत फस्त करतात. त्यांना अडवावयाचे तर कुंपण आठ फूट उंच हवे. जाळीचा विचार सर्वच करतात, खांबाचा मात्र थोडेच करतात. वस्तुतः खांबाचे आयुष्य तेच कुंपणाचे आयुष्य होय.

खांब कुजतो तो माथ्याशी नव्हे, तर जमिनीलगतच्या वीतभर भागात. लाकूड खाणाऱ्या बुरशीस ओल आणि हवा दोन्ही लागतात व ती तेथे एकत्र लाभतात. म्हणून झाडाचे नाव विचारावे, पण आधी गाभा पाहावा. सालीखालचे फिकट लाकूड कोणत्याही झाडाचे असो, मातीत टिकत नाही. टिकतो तो आतील गडद गाभा.

या दृष्टीने पेन्सिल्व्हेनियाच्या डोंगरांतील ब्लॅक लोकस्ट हे झाड श्रेष्ठ ठरते. शास्त्रज्ञांनी त्याच्या नावातच त्यास ‘खोटी बाभूळ’ म्हटले आहे. काटे व शेंगा पाहताच आपल्या बाभळीची आठवण होते. त्याच्या गाभ्यात बुरशीस मारक अशी द्रव्ये असल्यामुळे रंग वा औषध न लावताही खांब वीस वर्षांहून अधिक उभा राहतो. वाळल्यावर मात्र तो इतका कठीण होतो, की आधी छिद्र पाडल्यावाचून खिळा शिरत नाही.

ओक घेताना भेद ओळखावा. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातील नलिका बुजलेल्या असतात. तांबड्या ओकच्या उघड्या राहून पाणी शोषतात. तांबड्याचा खांब थोड्याच वर्षांत मोडतो. पूर्वी येथे चेस्टनटच्या लाकडाची कुंपणे सर्वत्र असत. परंतु 1904 साली न्यूयॉर्कमध्ये आढळलेल्या रोगाने पुढील अर्धशतकात ती वनेच नाहीशी केली.

दुकानात स्वस्त मिळतो तो औषध मुरविलेला पाइन. तोही चांगला टिकतो. मात्र जमिनीत पुरण्यायोग्य प्रतीचा आहे ना, हे चिठ्ठीवर वाचून घ्यावे. 2003 अखेरपर्यंत घरगुती वापराच्या अशा लाकडात सोमलाचा अंश असे. म्हणून उपटलेले जुने खांब होळीत किंवा शेगडीत कदापि घालू नयेत. त्यांचा धूर व राख दोन्ही विषारी होत.

खांबाचा तिसरा हिस्सा जमिनीत जावा आणि जाड टोक खाली असावे. येथील हिवाळ्यात जमीन गोठून फुगते व उथळ पुरलेला खांब वर उचलते. माती थराथराने ठोकून बसवावी आणि बुंध्यापासून बाहेर उतार ठेवावा, म्हणजे पाणी साचणार नाही.

आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज कोकणातून गिरमिटावर मॉरिशसला गेले. कराराची मुदत वर्षांत मोजलेली, राहण्याची खोली मळेवाल्याची. कोकणात ज्याने स्वहस्ते वई घातली, त्याला तेथे स्वतःच्या हद्दीचा एक खुंटही रोवता येत नसे. वीस वर्षे टिकणारे लाकूड कोणते, हा प्रश्न त्याच्यासाठी नव्हताच. तो आज आपणांस पडतो. मग चार डॉलर वाचविण्यासाठी तांबड्या ओकचा खांब आणून त्याचे उत्तर देऊ नये.