ठिसूळपणावर रबराची मात्रा

कॅसेटची पारदर्शक डबी हातातून निसटली की तिचा कान हमखास तुटायचा. फ्रिजच्या आतली पांढरी भिंत मात्र भांडी आदळूनही वर्षानुवर्षे शाबूत राहते. गंमत अशी, की दोन्ही बहुधा एकाच घराण्यातल्या, पॉलिस्टायरीनच्या. फरक आहे तो फ्रिजच्या भिंतीत मिसळलेल्या थोड्याशा रबराचा.

कडक वस्तूत मऊ पदार्थ घातला तर ती कमकुवत व्हावी, असे आपला व्यवहार सांगतो. इथे उलटे घडते. नुसत्या पॉलिस्टायरीनला धक्का बसला की एखादी भेग पडते आणि वाटेत आडकाठी नसल्याने आरपार जाते. रबराचे केसाहून कितीतरी बारीक कण आत विखुरलेले असले की धक्क्याचा जोर त्यांच्याभोवती वाटला जातो. एका मोठ्या भेगेऐवजी असंख्य सूक्ष्म चिरा पडतात. त्यांच्या कडा प्लॅस्टिकचेच बारीक धागे धरून ठेवतात आणि पुढचा कण चिरेला अडवतो. असे प्लॅस्टिक वाकवल्यावर उमटणारा पांढरा डाग या चिरांचाच.

कल्पना जुनी आहे. रशियन रसायनशास्त्रज्ञ इव्हान ऑस्ट्रोमिस्लेन्स्की यांनी रबर स्टायरीनमध्ये विरघळवून त्याचे प्लॅस्टिक केले. त्यांचे अमेरिकन पेटंट १९२७ चे. पण मिश्रण न ढवळता घट्ट होऊ दिले, तर रबराचे जाळे सर्वत्र पसरे आणि त्या गोळ्याला आकार देणे अवघड होई. घट्ट होत असताना ढवळत राहिले, की रबराचे सुटे कण होतात. ही युक्ती डाऊ कंपनीच्या १९५४ च्या पेटंटात आली. पिठल्यावरचा हात थांबला तर काय होते, हे आपल्या स्वयंपाकघरांना आधीच ठाऊक होते!

पुढे कारखान्यांनी झाडाच्या चिकाऐवजी कृत्रिम रबर जवळ केले. कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहणारे पॉलिब्युटाडाईन त्यांना अधिक सोयीचे होते. आता मात्र चिकाच्या रबराला नवे काम मिळू शकते. मका किंवा उसाच्या साखरेपासून होणारे पीएलए हे प्लॅस्टिकही असेच ठिसूळ. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्यात १० टक्के नैसर्गिक रबर मिसळल्यावर, तुटण्यापूर्वी ताणले जाण्याचे प्रमाण सुमारे ५ टक्क्यांवरून २०० टक्क्यांवर गेले. किंमत अर्थातच मोजावी लागते. कडकपणा आणि पारदर्शकता घटते, शिवाय ऊन-हवेने रबर जुने होते.

१ जुलै २०२२ पासून देशात एकदा वापरून फेकायच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आली. कुजणाऱ्या प्लॅस्टिकला सूट मिळाली. प्लॅस्टिक कुजते का, एवढेच आपण विचारतो. ते किती दिवस टिकते, हे कोणी विचारत नाही. दोन दिवसांत तुटणारा डबा वनस्पतीपासून केला म्हणून कचरा व्हायचा थांबत नाही. केरळात, आणि आपल्या सिंधुदुर्गातही, रबराच्या बागा आहेत. टायरच्या मागणीवर दर हलला की तिथला बागायतदार हवालदिल होतो. त्या चिकातला थोडा वाटा टिकाऊ डब्यांत जावा, यासाठी आपल्या प्रयोगशाळा आणि कारखाने यांनी एकत्र बसायला हरकत कसली?