शून्य म्हणजे उत्तर नव्हे

कला शाखेच्या विद्यार्थिनीने संगणकावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. "तुमचा आकड्यांशी संबंधच काय?" असे विज्ञान शाखेचे मित्र आम्हांला नेहमी विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मला गेल्या हिवाळ्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात, भर सभेत मिळाले. ते सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

शिबिरात आम्ही ४० घरांची पाहणी केली. घरातील बायका रोज किती हंडे पाणी वाहतात, हा प्रश्न होता. हिशेबासाठी मी 'स्क्रॅच'मध्ये छोटासा प्रोग्रॅम जुळवला. स्क्रॅच ही अमेरिकेतील एम.आय.टी.च्या मीडिया लॅबने २००७ साली मुलांसाठी खुली केलेली संगणकभाषा. तीत आज्ञा लिहायच्या नसतात, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे असतात. एक ठोकळा प्रश्न विचारी, आम्ही तिघी मैत्रिणी आळीपाळीने उत्तर भरत असू, ते यादीत जाई आणि शेवटी बेरीज व सरासरी निघे. सरासरी आली २.४. समारोपाच्या सभेत मी ती मोठ्या दिमाखात वाचून दाखवली. मागून एक आजी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "पोरी, अडीच हंड्यांत कुणाचं घर चालतंय गं?" सभा हसली. मी खाली मान घालून कागद चाळत राहिले.

रात्री यादी उघडली. १६ उत्तरे इंग्रजी अंकांत होती, २० मराठी अंकांत आणि ४ 'पाच-सहा' अशी अक्षरांत. स्क्रॅचला इंग्रजी अंकच संख्या म्हणून कळतात. मराठी '५' त्याच्या लेखी 'क' किंवा 'ख' यांसारखेच एक अक्षर; आणि बेरजेत अक्षर आले की स्क्रॅच ते मुकाट्याने शून्य धरतो. १६ घरांचे ९६ हंडे आम्ही ४० घरांत वाटले होते! मराठी अंक बदलून घेतले, उरलेल्या चार घरी पुन्हा जाऊन विचारले, तेव्हा बेरीज २४४ झाली आणि सरासरी ६.१.

चूक माझीच, हे कबूल. परंतु माझी तक्रार त्या मुकाटपणाबद्दल आहे. मुले घाबरू नयेत म्हणून स्क्रॅचमध्ये चुकीचे संदेश जाणूनबुजून टाळले आहेत, असे आमचे एक प्राध्यापक सांगतात. हेतू चांगला आहे. मांजर पडद्यावर नाचवायचे असेल तेथे तो शोभतोही. पण माणसांची माहिती मोजताना न कळलेल्या गोष्टीला शून्य म्हणणे, ही दया नव्हे. 'ॲप इन्व्हेंटर' ही ठोकळ्यांचीच दुसरी पद्धत. तिथे बेरजेत शब्द घातला तर काम थांबते आणि चूक दाखवली जाते. शिवाय 'ही संख्या आहे का?' असे विचारणारा स्वतंत्र ठोकळाही तिथे आहे. मराठी अंक संगणकाला कळूच शकत नाहीत, असेही नाही. पायथन भाषा मराठी '५' चे संख्येत सरळ रूपांतर करते.

स्क्रॅचमध्ये तसा ठोकळा नाही, तरी उपाय आहे. उत्तरात शून्य मिळवावे आणि आलेले फळ मूळ उत्तराएवढेच आहे का, ते पाहावे. तसे नसेल तर ती संख्या नव्हे. प्रश्न पुन्हा विचारावा. मराठी अंकांसाठी '०१२३४५६७८९' अशी माळ करावी. अंकाचे माळेतील स्थान शोधून त्यातून एक वजा केला की त्याची किंमत मिळते. दहा-बारा ठोकळ्यांचे काम! आधी रूपांतर, मग तपासणी, मग बेरीज, हा क्रम मात्र मोडू नये.

मित्रहो, ही शिस्त आपल्याला परकी आहे काय? गुणपत्रिकेत गैरहजर आणि शून्य यांत आपण फरक करतोच ना? पेपरला न बसलेल्याला शून्य धरून वर्गाची सरासरी काढली, तर आपणच ओरड करू. उलट, आकड्यांत लिहिलेली प्रत्येक गोष्ट संख्या असतेच असेही नाही. हजेरी क्रमांकांची किंवा दूरध्वनी क्रमांकांची बेरीज कोणी करील काय? हे नाव, ही संख्या, हे मौन, असा भेद करणे हा तर भाषेच्या अभ्यासाचाच भाग आहे. म्हणून ठोकळ्यांचा हा पाठ आमच्या शाखेलाही शिकवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या आजी सभेत गप्प बसल्या असत्या तर? २.४ हा आकडा अहवालात छापला गेला असता आणि त्या गावात पाण्याचा फारसा त्रास नाही, असे वाचणाऱ्याने खुशाल मानले असते. चोवीस घरांतल्या बायकांचे कष्ट आम्ही शून्यात जमा केले होते. आमच्या अहवालात आता ६.१ आहे. त्याखाली, किती उत्तरे आधी चुकीची धरली गेली होती, तेही लिहिले आहे.

— तृतीय वर्ष, कला