वखार आणि आवाज

निपाणीच्या आसपास शेताच्या कडेला किंवा घरामागे तंबाखूची जुनी वखार आजही काही कुटुंबांकडे उभी आहे. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर कौले, उजेडापुरता झरोका. जेथे तंबाखूची जागा उसाने घेतली, तेथे तिच्यात मोडकी औते आणि रिकामी पोती पडून असतात. वाटणीची वेळ आली की ती पाडून स्लॅब टाकण्याची बोलणी निघतात. अलीकडे घरातील तरुण मंडळी तेथे ध्वनिमुद्रणाची खोली करू म्हणतात, तेव्हा वडीलधाऱ्यांना तो पोरखेळ वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही.

बाहेरचा आवाज अडतो तो भिंतीच्या भारामुळे. बाजारात मिळणारा खाचांचा स्पंज केवळ आतला प्रतिध्वनी शोषतो. महामार्गावरील ट्रक किंवा गाणी वाजवीत जाणारा उसाचा ट्रॅक्टर त्याला दाद देत नाही. म्हणजे निम्मे काम आजोबांनीच करून ठेवले आहे! खर्च करावा तो छतावर आणि दारावर. कौलांतून वारा येतो तसा आवाजही येतो. म्हणून खाली फळ्यांचे दुहेरी छत घालून मधल्या पोकळीत काचेची लोकर भरावी. इतके करूनही आषाढातल्या सरींपुढे हात टेकावे लागतील. दार जुनेच, जाड लाकडाचे ठेवून कडेने रबराची पट्टी लावावी.

तंबाखूची धूळ झाडताना नाकातोंडाला फडके बांधावे, मग चुन्याचा हात द्यावा. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र करू नये, ओल आत कोंडते. भिंतीपासून चार बोटे अंतर सोडून गोधड्या टांगाव्यात आणि कोपऱ्यांत कापसाच्या जुन्या गाद्या उभ्या कराव्यात. विहिरीवरील मोटारीची लाइन येथे जोडू नये. अर्थिंग नीट नसेल तर ध्वनिमुद्रणात अखंड गुणगुण उमटते. मायक्रोफोन पावसाळ्यात हवाबंद डब्यात ठेवावा.

आता प्रश्न उरतो तो कोणाचे आवाज टिपायचे याचा. तरुणांना स्वतःचे गाणे हवे असते, आणि ते गैर नाही. परंतु 1981 साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी जे शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर बसले, त्यांतील तेव्हाचे विशीतले आज पासष्टीच्या घरात आहेत. त्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसे गेली. आठवणी सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायकांचेही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमविल्या. आपल्या घरातील, मध्येच कानडी शब्द पेरीत जाणारी आजीची ओवी टिपण्यास बाहेरून कोणी येईल, अशी वाट पाहणे आम्हांस धोक्याचे वाटते.

म्हणून छत पुरे होईपर्यंत थांबू नये. रात्री रहदारी मंदावल्यावर साध्या मोबाइलवरही काम सुरू करता येते. ओव्या घ्यायच्या तर जाते वखारीतच न्यावे. त्याची घरघर नको म्हणून आजीला नुसतेच गायला बसविले, तर तिची लय सुटते. जात्याखाली दुहेरी पोते घालावे, मायक्रोफोनच्या पायांखालीही घालावे, आणि तो जात्यापासून दूर, आजीच्या तोंडाच्या उंचीवर ठेवावा.