मेंदूतील रक्ताची आवक-जावक

व्यापारी घरातील मुलाची तराजूशी ओळख लहानपणीच होते. परंतु मेंदूकडे जाणारे रक्त मोजण्यासाठीही एकेकाळी तराजूच योजला गेला होता, हे फारसे कोणास ठाऊक नसते. इटलीतील तुरीन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी १८८० च्या दशकात एक लाकडी फळी मध्यभागी टेकवून समतोल केली आणि तिच्यावर माणसास निजविले. मनुष्य विचारात गढला की मेंदूकडे अधिक रक्त जाते आणि डोक्याकडील बाजू खाली झुकते, असे त्यांचे प्रतिपादन होते. माप ढोबळ होते, श्वासोच्छ्वासानेही फळी हलत असे. तरी मोस्सो यांचा प्रश्न योग्य होता.

त्या प्रश्नाचे महत्त्व आकड्यांवरून ध्यानात येते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु शरीर विश्रांतीत असताना लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. दर मिनिटाला त्याच्या प्रत्येक १०० ग्रॅम भागातून सरासरी ५० मिलिलिटर, म्हणजे एकूण सुमारे पाऊण लिटर रक्त वाहते. हा पुरवठा १०० ग्रॅममागे २० मिलिलिटरच्या खाली उतरला की पेशींचे काम बंद पडू लागते. १० च्या खाली गेला की त्या काही मिनिटांत मरू लागतात. मेंदूजवळ शिलकी साठा जवळजवळ नाही. त्याचा सारा व्यवहार रोखीचा आहे.

१९४५ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात सीमोर केटी आणि कार्ल श्मिट यांनी या व्यवहाराचा पहिला विश्वसनीय हिशेब मांडला. व्यक्तीस नायट्रस ऑक्साइड हा वायू अल्प प्रमाणात हुंगावयास देऊन, धमनीतून मेंदूत किती वायू गेला आणि मानेतील मोठ्या शिरेतून किती परत आला, हे त्यांनी तपासले. आवक आणि जावक यांतील अंतरावरून रक्ताचा ओघ निघाला. पद्धत निर्दोष, परंतु धमनीत सुई आणि मानेच्या शिरेत सुई, अशी तिची किंमत होती. शिवाय उत्तर संपूर्ण मेंदूचे एकच मिळे. कोणत्या भागाची उपासमार होत आहे, हे त्यातून कळत नसे. सर्व शाखांचा एकत्रित ताळेबंद पाहून तोट्यातील शाखा ओळखता येत नाही, तसेच हे.

पुढे भागवार चित्र मिळू लागले, पण बाहेरचा पदार्थ शरीरात घालावाच लागे. सीटी स्कॅनमध्ये आयोडीनयुक्त औषध आणि क्ष-किरण, पेट स्कॅनमध्ये किरणोत्सर्गी पाणी, तर एमआरआयमध्ये गॅडोलिनियम नावाच्या धातूचे संयुग. मूत्रपिंड अतिशय अशक्त असलेल्या काही रुग्णांची त्वचा या संयुगांमुळे कठीण होत जाते, हे २००६ च्या सुमारास ध्यानात आले. नवी संयुगे पुष्कळ अधिक सुरक्षित आहेत. तरी टोचण्यावाचून काम भागत असेल, तर ते कोणास नको असेल?

ती वाट १९९२ साली सापडली. शरीराबाहेरून काहीही न घालता, मेंदूकडे निघालेल्या रक्तातील पाण्यावरच चुंबकीय खूण करावयाची, अशी ती युक्ती. जॉन डेट्रे, डोनाल्ड विल्यम्स, अ‍ॅलन कोरेत्स्की आणि जॉन ली यांची नावे तिच्याशी जोडलेली आहेत. प्रथम ती उंदरांच्या मेंदूवर सिद्ध झाली. अहिंसेला मानणाऱ्या वाचकापासून हे झाकून ठेवणे उचित नव्हे. १९९४ मध्ये मानवी मेंदूतील ओघाची मोजमापे प्रसिद्ध झाली. पद्धतीचे नाव आर्टेरियल स्पिन लेबलिंग. डॉक्टर तिला ‘एएसएल’ म्हणतात.

तिचे कार्य असे चालते. रुग्ण एमआरआयच्या नळीत निजलेला असताना मानेच्या पातळीवर रेडिओलहरी सोडल्या जातात. तेथून वर जाणाऱ्या रक्तातील पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांचे चुंबकत्व त्यामुळे उलटे होते. हे रक्त मेंदूत पोहोचेपर्यंत सुमारे दोन सेकंद थांबून चित्र घेतले जाते. मग खूण न करता दुसरे चित्र. पहिले दुसऱ्यातून वजा केले की स्थिर असलेले सारे निघून जाते आणि उरते ते केवळ नव्याने आलेले रक्त. ही शिल्लक मूळ संकेताच्या जेमतेम १ टक्का असते. म्हणून अशा अनेक जोड्या घेऊन सरासरी काढावी लागते. सारे मिळून चार-पाच मिनिटे जातात.

शिल्लक इतकी अल्प असल्यामुळे रुग्णाचे डोके किंचित हलले तरी वजाबाकी फसते. औषधाच्या सुईऐवजी ही तपासणी रुग्णाकडून निश्चलता मागते. कायोत्सर्गाचा सराव असलेल्या वडीलधाऱ्यांना ती कठीण वाटू नये.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. आजच्या ३ टेस्लाच्या यंत्रात रक्तावरील खूण सुमारे पावणेदोन सेकंदांत एक-तृतीयांशाच्या आसपास उरते. वृद्धापकाळी मानेतील धमन्या अरुंद झाल्या असतील, तर रक्त उशिरा पोहोचते आणि चित्र घेण्याच्या क्षणी वाटेतच असते. मग तो भाग रक्तहीन भासतो. माल उशिरा येणे आणि माल न येणे यांत फरक आहे, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. म्हणून सत्तरीपुढील व्यक्तींसाठी थांबण्याचा काळ वाढवितात, किंवा वेगवेगळ्या अंतराने अनेक चित्रे घेतात. अहवालातील ‘ओघ कमी’ हे शब्द वाचून घाबरण्यापूर्वी, हा उशीर आहे की तुटवडा, एवढे डॉक्टरांना अवश्य विचारावे.

उपयोगाचे क्षेत्र विस्तृत आहे: अरुंद धमन्यांमागील मेंदूची स्थिती, अपस्माराचे उगमस्थान, गाठीतील रक्तपुरवठा, लहान मुलांची तपासणी. स्मृतिभ्रंशातही ती साहाय्य करते. अल्झायमरमध्ये मेंदूच्या मागील व पार्श्वभागातील ओघ विशेष घटतो, तर स्मृतिभ्रंशाच्या दुसऱ्या एका प्रकारात पुढील भागातील. तथापि केवळ या चित्रावरून निदान होत नाही. शाकाहारी कुटुंबांनी तर आधी एक साधी रक्ततपासणी करावी. ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने, तसेच थायरॉइडच्या दोषाने स्मरणशक्ती मंदावू शकते, आणि दोन्हींवर उपचार आहेत.

तोंड एका बाजूला वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर मात्र विशिष्ट तपासणीचा आग्रह धरून वेळ दवडू नये. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. पक्षाघाताच्या उपचाराची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात ताबडतोब पोहोचणे, हाच तेव्हाचा धर्म.

ठरवून केलेल्या तपासणीस जाताना दागिने घरी ठेवावेत. पेसमेकर, शस्त्रक्रियेतील क्लिप किंवा शरीरातील अन्य धातू असल्यास आधीच सांगावे. चहा-कॉफीतील कॅफीन मेंदूचा रक्तप्रवाह लक्षणीय घटविते. म्हणून त्या दिवशी चहा घेतला असल्यास तेही कळवावे. औषध टोचावयाचे नसल्यामुळे केवळ या मोजमापासाठी उपवास सोडण्याचे कारण नाही. मात्र त्याच वेळी दुसरी तपासणी असल्यास सूचना निराळ्या असू शकतात. जुने अहवाल जपून ठेवावेत, कारण एका आकड्यापेक्षा त्याच व्यक्तीच्या दोन आकड्यांतील फरक अधिक बोलका असतो.

पेढीवरील वडील उधारीची नावे विसरू लागले, बेरजा चुकू लागल्या की बहुतेक घरांत दोनच गोष्टी होतात: ‘वय झाले’ म्हणून दुर्लक्ष, नाही तर गाजावाजा न करता खतावणी त्यांच्या हातून काढून घेणे. या दोहोंच्या आधी तिसरी गोष्ट व्हावयास हवी, ती म्हणजे कारणाचा शोध. कारण कधी जीवनसत्त्वाचे असते, कधी मानेतल्या धमनीचे, कधी खरोखरच बऱ्या न होणाऱ्या रोगाचे. पहिल्या दोहोंवर वेळीच इलाज होऊ शकतो. आणि तिसरे निघाले, तरी व्यवहाराची व्यवस्था वडिलांना विचारून, ते स्वतः निर्णय घेऊ शकतात तोवर करता येते.