टोक सारखे, माल निराळा

आपल्या संघाच्या स्मरणिकेत करपद्धती, बाजारभाव, वाहतूक अशा भारदस्त विषयांवर विचार मांडण्याची प्रथा आहे. त्या पंक्तीत मोबाइलच्या चार्जिंगची केबल आणून बसविणे काही व्यापारी बंधूंना विचित्र वाटेल. परंतु जिच्यावाचून दुकानाचा व्यवहार अडतो, ती वस्तू क्षुल्लक कशी म्हणावी? यूपीआयची पद्धत २०१६ साली आली आणि आज किरकोळ गिऱ्हाइकाचे पैसे फोनवर येतात, परगावचा भाव फोनवर कळतो, लॉरी कोठवर पोचली हेही फोनच सांगतो. भर बाजाराच्या वेळी फोन मिटला म्हणजे पेढीचा एक हातच गळून पडतो. असे असता फोनची पारख करण्यात आठ दिवस घालविणारे आपण, केबल मात्र रस्त्यावरील टोपलीतून हाताला येईल ती उचलतो. या सवयीविषयीच चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

ही सवय वाढण्यास एक कारण घडले आहे. पूर्वी कंपनीगणिक पिन वेगळी असे. टाइप-सी या टोकाचा आराखडा २०१४ साली प्रसिद्ध झाला आणि हळूहळू ते टोक सर्वत्र रूढ झाले. २०२३ च्या सप्टेंबरात आलेल्या आयफोन १५ नेही ते स्वीकारले. युरोपीय संघाने तर २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनांस ते सक्तीचे केले. ही सोय मोठीच झाली, यात शंका नाही. पण त्यावरून ‘आता कोणतीही केबल चालते’ असा जो समज पसरला आहे, तो आमच्या मते खरा नव्हे. सगळ्यांनी एकाच मापाची पोती वापरली म्हणून आतला गहू एकाच वाणाचा होत नाही. टोक म्हणजे केवळ पोते होय. माल आत आहे.

हा माल कसा असतो, ते थोडक्यात सांगतो. साध्या केबलच्या आवरणाखाली चार तारा असतात. त्यांपैकी दोन वीज वाहून नेतात व दोन माहिती नेतात. स्वस्त केबलींत पुष्कळदा माहितीच्या दोन तारा घातलेल्याच नसतात. अशा केबलने फोन चार्ज होतो, परंतु संगणकास जोडल्यास संगणक त्यास ओळखत नाही. आमच्या दिवाणजींना जुन्या फोनमधील बिलांची छायाचित्रे संगणकावर उतरवावयाची होती. फोन दिसेना म्हणून दुरुस्तीस नेला, दोन दिवस गेले, पैसेही गेले. शेवटी दोष केबलमध्ये निघाला. विकणाऱ्याने ‘ही फक्त चार्जिंगची’ एवढे तीन शब्द सांगितले असते तरी हा खटाटोप वाचला असता.

दुसरी गोष्ट तारेच्या जाडीची. धान्य एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना जशी तूट येते, तशी तारेतून जाताना विजेतही येते, आणि ती तूट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. ५ व्होल्टने २ अँपिअर म्हणजे १० वॅट वीज पाठविली आणि तारेचा जाण्यायेण्याचा अवरोध ०.४ ओहम असला, तर ०.८ व्होल्ट वाटेतच जातात आणि १.६ वॅट वाया जातात. म्हणजे शेकडा १६ तूट! तार जाड घेऊन अवरोध ०.२ ओहमवर आणला की तूट निम्मी होते. लांबी दुप्पट केली की ती दुप्पट होते. कित्येक केबलींच्या आवरणावर ‘एडब्ल्यूजी’ या अक्षरांजवळ २८, २४ असे आकडे छापलेले असतात. हा आकडा जितका लहान, तितकी तार जाड. वरून कापडी वेणी घातलेली केबल दिसण्यास भक्कम वाटते, परंतु त्या वेणीवरून आतील तांब्याची काही साक्ष मिळत नाही.

तिसरी गोष्ट क्षमतेची. दोन्ही टोकांस टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे फार तर ६० वॅट वीज नेते. त्याहून अधिक नेणाऱ्या ५ अँपिअरच्या केबलमध्ये एक चिप बसविलेली असते; ती चार्जरला आपली ताकद कळविते. ती नसेल तर नियमाने वागणारा चार्जर ६० वॅटच्या वर जात नाही. म्हणून १०० वॅटचा चार्जर घेऊनही लॅपटॉप सावकाश भरतो, आणि दोष चार्जरच्या माथी येतो. २०२१ साली ही मर्यादा २४० वॅटपर्यंत वाढविण्यात आली.

मात्र अधिक वॅटची केबल माहितीही अधिक वेगाने नेते, असे समजू नये. २४० वॅटची केबलही माहितीच्या बाबतीत सेकंदास ४८० मेगाबिट या जुन्याच वेगाची असू शकते. त्या वेगाने ६४ गिगाबाइट उतरविण्यास नुसत्या गणितानेच सुमारे १८ मिनिटे लागतात, प्रत्यक्षात त्याहून अधिक. ५ गिगाबिटच्या केबलने हाच हिशेब दोन मिनिटांच्या आत येतो. अर्थात फोनही त्या वेगाचा हवा. वर उल्लेखिलेला आयफोन १५ स्वतःच ४८० मेगाबिटचा आहे. त्यास महाग केबल लावणे म्हणजे बैलगाडीस मोटारीची चाके लावणे होय.

यात केवळ वेळेचा व पैशाचाच प्रश्न आहे, असेही नाही. गूगलमधील अभियंते बेन्सन लेउंग यांनी २०१५ साली बाजारातील टाइप-सी केबली विकत घेऊन तपासण्याचा उपक्रम आरंभिला. २०१६ च्या फेब्रुवारीत तपासलेल्या एका केबलमध्ये विजेच्या तारांची जोडणी उलटी निघाली आणि त्यांचा लॅपटॉप बिघडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ॲमेझॉनने नियमबाह्य टाइप-सी केबलींची विक्री आपल्या संकेतस्थळावर निषिद्ध केली. बाहेरून ती केबल इतरांसारखीच होती, हे ध्यानात ठेवावे.

मग केबल घ्यावी कशी? आधी काम ठरवावे. फोन चार्ज करावयाचा एवढेच काम असल्यास ६० वॅटची, एक मीटर लांबीची साधी केबल पुष्कळांना पुरते. लॅपटॉपसाठी ५ अँपिअरची मागावी. माहिती उतरवावयाची असल्यास वेग विचारावा. काही कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत स्वतःची असते, तेथे फोनबरोबर आलेली केबल जपून वापरावी. वेष्टनावर वॅट, वेग, लांबी, तयार करणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव व पत्ता आणि कमाल किंमत आहे की नाही, ते वाचावे. घरी आणल्यावर टोक हातास चटका देण्याइतके तापू लागले, तर ती केबल त्याच दिवशी बाजूस काढावी. विशेषतः रात्री उशीजवळ ती लावून ठेवू नये.

यावर काही बंधू म्हणतील की, स्वस्त मालासही गिऱ्हाईक आहे. हे आम्हांस मान्य आहे. पेढीवर आम्हीही हलक्या प्रतीची ज्वारी विकतो. पण ती हलकी म्हणून, हलक्या भावाने विकतो. नमुना एक दाखवून माल दुसरा पाठविला तर पेठेत आमची पत राहणार नाही. हलकी केबल विकणे हा दोष नव्हे. ती काय आहे, हे न सांगता विकणे हा दोष आहे.

आणि येथेच आपल्या सभासदांचा संबंध येतो. धान्य, कापड, किराणा यांच्या जोडीस पुढच्या पिढीने अनेक घरांत मोबाइलची व विजेच्या सामानाची दुकाने काढली आहेत. त्या तरुण बंधूंस आमची आग्रहाची विनंती आहे की, ज्या केबलवर वॅट किंवा वेग लिहिलेला नाही ती घेताना घाऊक विक्रेत्यास विचारावे; उत्तर न मिळाल्यास माल परत करावा. फक्त चार्जिंगच्या केबलींचा खोका वेगळा ठेवून त्यावर तसे मराठीत व कानडीत लिहावे. यास खर्च एका पाटीचा येईल. संघानेही पुढील सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

वाडवडिलांनी मिळविलेली पत ही तराजूच्या दांडीवर मिळविलेली आहे. ज्या मालाची पारख गिऱ्हाइकाला डोळ्यांनी करता येत नाही, त्या मालाच्या बाबतीत तर दुकानदाराचा शब्द हेच माप असते. ते माप खरे ठेवावे, एवढेच सांगून लेखणी आवरती घेतो.