जोडप्याची शेकोटी उसाच्या बांधावर नको



आपल्या भागात एक नवीन धंदा निघालाय. शहरातलं जोडपं रानात येणार, शेकोटी पेटवायची, झाडाला दिव्यांची माळ, चुलीवरचं जेवण, वर चांदणं. त्याला म्हणायचं 'कॅम्पफायर डिनर'. 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरण आलं, तेव्हापासून एकरभर रान असलेल्याला सुद्धा सल्ला देणारे भेटतात की उसात काय ठेवलंय, हे कर. करा की. दोन पैसे येत असतील तर माझी ना नाही. नवरा-बायकोनं उघड्यावर बसून चार घास खाल्ले म्हणून नाक मुरडणारा मी न्हवं. माझं भांडण आहे जागेशी, वेळेशी, आणि चुलीपुढं कुणाला बसवता त्याच्याशी.

आधी वेळ बघा. ह्या जेवणांना सगळ्यात जास्त मागणी 14 फेब्रुवारीला. आणि वनखातं वणव्याचा हंगाम धरतं 15 फेब्रुवारीपासून. एका रात्रीचं अंतर! डिसेंबरात दहिवर पडतं, गवत ओलं असतं, ठिणगी विझून जाते. फेब्रुवारीत तसं नसतं. संध्याकाळी वारा सुटतो आणि बारा-चौदा महिन्यांचा ऊस तोडीची वाट बघत उभा असतो, गुडघाभर वाळल्या पाल्यात. हेक्टरी आठ-दहा टन पाला निघतो उसाचा. तेवढं जळण उभं असताना वीस पावलांवर जाळ करायचा आणि म्हणायचं वातावरण किती छान आहे! एक किटाळ उडालं की शेजाऱ्याचा फड गेला. जळलेला ऊस लगोलग गाळपाला गेला नाही तर वजन घटतं, साखर उतरते, कारखाना कपात लावतो, आणि तोडणीची टोळी आपल्या सोयीनं येत नाही. डिनरचे पैसे घेणारा वेगळा, भोगणारा वेगळा. शेजाऱ्याला विचारून कुणी शेकोटी पेटवलेली मला तरी माहीत नाही.

वर काहीजण हौसेनं पालाच ढीग करून पेटवतात, जाळ उंच जातो, फोटो चांगला येतो म्हणून. अरे, तो पाला सरीत कुजवा म्हणून कृषी अधिकारी घसा कोरडा करतात. जमिनीचा सेंद्रिय कर्ब कुठं गेला म्हणून रडायचं आणि कर्बच पेटवून पाहुण्यांना दाखवायचा!

दुसरी जात मसाई पठारावर जाणाऱ्यांची. तिथं धनी कोण दिसत नाही म्हणून मोकळं रान समजतात. सड्यावर माती असते चार बोटं, कुठं तीही नाही. त्या चार बोटांत पावसाळ्यानंतर फुलणाऱ्या सीतेच्या आसवांचं, गेंदाचं बी पडलेलं असतं. त्यावर तासभर जाळ केला की तेवढी जागा भाजून निघाली. राधानगरी-दाजीपूरकडं तर ते अभयारण्य आहे, 1958 पासूनचं. अभयारण्याला धोका होईल असा विस्तव पेटवणं किंवा तो तसाच सोडून येणं, दोन्ही 1972 च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. बाटली फोडून येणाऱ्यांबद्दल मी इथं लिहीत नाही, लिहिलं तर शिव्याच येतील.

लाकडाचंही ज्ञान नाही. ओढ्यातले ओले गोल दगड आणून चूल मांडतात. आत पाणी मुरलेला दगड तापला की फुटतो, कपच्या डोळ्यात जातात. बिब्ब्याचं लाकूड जाळलं तर धुरानं तोंड सुजतं. शेराच्या काटक्या तशाच वाईट. कण्हेरीच्या काडीला तर कांदा-मटण टोचून भाजणारे बघितलेत मी. कण्हेर विषारी आहे, बाबांनो. आणि हे सगळं जळण येतं कुठनं? बांधावरची बाभळ, जांभूळ तोडून. आमच्या कोल्हापुरात होळी लहान करून शेणी पंचगंगेच्या स्मशानाला देतात. होळीला आवर घालणारं गाव दोघांच्या जेवणाला ट्रॉलीभर लाकूड का जाळतं?

आता मला सगळ्यात जास्त डाचतं ते. पाहुण्यांचं जेवण करतं कोण? घरची कारभारीण. दिवसभर रानात भांगलण, संध्याकाळी धारा, मग रात्री अकरापर्यंत तिनं भाकरी थापायच्या, दुसऱ्या कुणाचा तरी रोमान्स म्हणून. तिचा नवरा पाहुण्यांना वाढणार आणि हिशेब लिहिणार. त्या बाईच्या मजुरीचा आकडा मी एकाही गड्याच्या वहीत बघितलेला नाही. आणि शेतकऱ्याला प्रेमातलं काय कळतंय म्हणणाऱ्यांनी रात्रीच्या पाळीची लाईट असताना मोटरेवर येऊन बघावं. नवरा दारं मोडतोय, बायको बॅटरी धरून उभी, मधेच बांधावर दोन शेणींचा विस्तव करून खर्डा-भाकरी खाताहेत. ती हौस नाही, नाइलाज आहे. 2022 च्या फेब्रुवारीत स्वाभिमानी शेतकरी संघटना कोल्हापुरात धरणं धरून बसली ती दिवसा वीज द्या म्हणून, चांदण्यात जेवायला मिळावं म्हणून नाही.

मग करायचं कुठं? गुऱ्हाळावर. आग बघायची तर चुलवाणाची बघा. जाळ जमिनीखाली, धूर धुराड्यातनं वर, जळण उसाचंच चिपाड. एक झाड तुटत नाही. चुलवाणाच्या निखाऱ्यात वांगं भाजा, गरम काकवीत भाकरी बुडवा, वाफ्यातला मऊ गूळ हातावर घ्या. कोल्हापूरच्या गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तरी गुऱ्हाळं बंद पडत चाललीत. पाहुण्यांचे पैसे तिथं गेले तर एखादं तरी चालू राहील. गुऱ्हाळ लांब असेल तर ऊस तुटून गेलेल्या, पाला बाजूला ओढलेल्या रानात, उभ्या पिकापासनं लांब, खड्डा काढून चार शेणी पेटवा. दोन घागरी पाणी जवळ ठेवा. उठताना राख पाण्यानं कालवा आणि हाताची मागची बाजू धरून बघा, ऊब लागली तर अजून पाणी ओता. नुसती माती टाकून जाऊ नका, खाली धुमसत राहतं.

आणि गुऱ्हाळावर येणार असाल तर मार्च संपायच्या आत या, आदल्या दिवशी गुळव्याला विचारा. काहील उतरताना फोटोसाठी मधे उभं राहू नका, उकळता रस अंगावर उडाला तर कातडी निघते.